‘क्लीन’ म्हणजे नेमकं काय पुसतं? जनरेटरच्या ऑप्शनची नावं बदलतानाच्या नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

(ऑप्शन म्हणजे स्क्रिप्ट चालवताना तिच्या नावापुढे डॅश देऊन जोडायची सूचना. त्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती रोमनमध्येच असतात.)

आज जुळे सोलापुरातल्या ऑफिसात पोचले तर आमचा नवा मुलगा माझ्या आधी येऊन बसलेला, तोंड उतरलेलं. शनिवारी संध्याकाळी त्याने जनरेटर, म्हणजे आपोआप कोड लिहून देणारी आमची स्क्रिप्ट, `--क्लीन` लावून चालवला. त्याला वाटलं, कोड नीट इंडेंट होऊन, स्वच्छ होऊन बाहेर पडेल. आमच्या स्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ असा की आउटपुटचं फोल्डर आधी पूर्ण रिकामं करा, मग लिहायला घ्या. त्या फोल्डरमध्ये जनरेट झालेल्या फाइलींच्या सोबतीला हाताने लिहिलेल्या दोन फाइली होत्या. एक गिटमधून (कोडच्या जुन्या प्रती जपणारं साधन) परत आणली. दुसरी सुताची आवक-जावक तपासणारी, त्याने शनिवारी दुपारभर खपून लिहिलेली. कमिट झालेली नव्हती, म्हणजे गिटमध्ये नोंदलेलीच नव्हती. ती गेली.

“ताई, चूक माझीच. हेल्प वाचायला पाहिजे होती,” असं तो सारखं म्हणत होता. मी हेल्प उघडली. त्यात एवढंच होतं: “क्लीन – क्लीन मोड चालू करतो.” ही ओळ तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेली. वाचली असती तरी त्याला काय कळणार होतं?

हा शब्दच ठिकाणागणिक अर्थ बदलतो. मेक या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाला `मेक क्लीन` म्हटलं की बिल्डमध्ये तयार झालेल्या फाइली पुसल्या जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप घेणाऱ्या पीजी_डम्पचं `--क्लीन` स्वतः काहीच पुसत नाही. ते बाहेर पडणाऱ्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसची भाषा) क्रिएटच्या (तयार कर) आधी ड्रॉपच्या (काढून टाक) ओळी घालतं, आणि पुसलं जातं ते ती फाइल पुढे कुणी चालवेल तेव्हा. शिवाय तिथे लहान ‘सी’ म्हणजे क्लीन आणि मोठा ‘सी’ म्हणजे क्रिएट. पोस्टग्रेसवर काम केलेला माणूस आमच्याकडे आला तर तो आमच्या `--क्लीन`ला निरुपद्रवीच समजणार.

दुपारी सरांशी बोलले. आमच्या पाचही स्क्रिप्टांमधली सगळी नावं तपासायची, रोजचं काम सांभाळून, महिनाअखेरपर्यंत. हा जनरेटर टेबलांची व्याख्या एका टेक्स्ट फाइलीतून वाचतो आणि त्यावरून पोस्टग्रेससाठी क्रिएट टेबलच्या फाइली, पायथनचे क्लास आणि चाचणीचा डेटा तयार करतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांसाठी आम्ही जे स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो, त्याचा पाया हाच आहे. हे काम आधीच व्हायला हवं होतं.

बुधवार, ८ जानेवारी

एका अक्षराचे ऑप्शन मोजले. डॅश-डी पाचपैकी चार स्क्रिप्टांत आहे आणि चार अर्थांनी आहे: डेटाबेस, डेस्टिनेशन, ड्राय रन, डीबग. म्हणजे एका स्क्रिप्टची सवय हाताला लागली की दुसरीत ती घात करणार. ‘फक्त करून दाखव, लिहू नकोस’ या समजुतीने कुणी डॅश-डी मारला आणि स्क्रिप्टने पुढचा शब्द डेटाबेसचं नाव म्हणून उचलला, तर?

मोठ्या प्रकल्पांनाही अक्षरं पुरत नाहीत. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड देण्याचा प्रोग्राम) डॅश-एच होस्टने, म्हणजे सर्व्हरच्या नावाने, घेतलंय, म्हणून छोट्या हेल्पसाठी डॅश आणि प्रश्नचिन्ह. पण तिथे निदान सगळ्या क्लायंट प्रोग्रामांमध्ये डॅश-एच होस्टच आहे. आमच्याकडे तेही नव्हतं.

ठरवलं: एका अक्षराचे ऑप्शन फक्त तिघांना, हेल्प, व्हर्बोज (सविस्तर सांग) आणि आउटपुट, आणि ते पाचही स्क्रिप्टांत सारखे. मेकफाइल आणि बॅच फाइलीत (कमांड ओळीने लिहून ठेवलेली फाइल) मात्र यापुढे कायम पूर्ण नाव. तिथे ते एकदा लिहायचं असतं आणि बिल्ड मोडलेला असताना वाचायचं असतं.

शुक्रवार, १० जानेवारी

आज एक वही केली. डाव्या रकान्यात ऑप्शनचं नाव, उजवीकडे रिकामी जागा. हेल्प न दाखवता चौघांना विचारलं: हे लावलं तर काय होईल असं वाटतं? बरोबर-चूक न सांगता जे बोलतील ते तसंच उतरवून घेतलं.

`--टाइप`ला चार जणांची चार उत्तरं: डेटाबेसचा प्रकार, फाइलचा प्रकार, कॉलमचा डेटाटाइप, आणि “टाइप हिंट घालायच्या का ते.” आमचा खरा अर्थ पाचवाच निघाला, कोणत्या भाषेत कोड हवा तो. `--मोड=२`वर चौघेही गप्प. `--अपडेट`ला अकाउंट्सच्या अक्का म्हणाल्या, “स्क्रिप्ट स्वतः अपडेट होत असेल, मोबाइलसारखी.” आम्ही ते अल्टर टेबलच्या, म्हणजे असलेलं टेबल बदलण्याच्या, ओळी तयार करायला वापरतो. अक्कांचं उत्तर मला सगळ्यांत पटलं, कारण ‘कशाचं अपडेट’ हे नावात कुठे आहे?

`--स्कीमा`वर बराच वेळ गेला. दोघांच्या मते टेबलांची रचना, दोघांच्या मते डेटाबेसच्या आतला नावांचा कप्पा. दोन्ही अर्थ खरे आहेत आणि पीजी_डम्पमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात: `--स्कीमा` म्हणजे अमुक कप्प्यातलं घ्या, `--स्कीमा-ओन्ली` म्हणजे डेटा नको, फक्त रचना. एक डॅश आणि एक शब्द वाढला की अर्थ सरळ दुसरीकडे जातो. तिथली नावं आता बदलता येणार नाहीत, त्यांच्यावर जगभरच्या बॅकअपच्या स्क्रिप्टा उभ्या आहेत. आपलं घर लहान आहे, बदलू शकतो. आमच्याकडे आता `--नेमस्पेस` आणि `--डेफिनिशन-फाइल`. ‘स्कीमा’ हा शब्द ऑप्शनमध्ये कुठेच ठेवायचा नाही.

सोमवार, १३ जानेवारी

पोस्टग्रेसच्या सोर्समधल्या जनरेटर स्क्रिप्टा वाचल्या. सिस्टिम कॅटलॉगचा (डेटाबेस स्वतःविषयीची माहिती ठेवतो ती टेबलं) सुरुवातीचा डेटा ११व्या आवृत्तीपासून (२०१८) `.डॅट` फाइलींमध्ये असतो. जेनबीकेआय ही पर्लची स्क्रिप्ट त्या फाइली आणि हेडर वाचून पोस्टग्रेस.बीकेआय बनवते, आणि इनिटडीबी नवा डेटाबेस उभा करताना तीच वापरतं. इतक्या महत्त्वाच्या स्क्रिप्टला ऑप्शन किती, तर मोजके: `--आउटपुट`, `--इन्क्लूड-पाथ`, `--सेट-व्हर्जन`.

`--सेट-व्हर्जन`पाशी मी थांबले. नुसतं `--व्हर्जन` का नाही? कमांड लाइनवर `--व्हर्जन` म्हणजे ‘तुझी आवृत्ती सांग’ ही रीत सगळीकडे रुजलेली आहे. इथे तर आवृत्ती स्क्रिप्टला द्यायची आहे. ती बीकेआय फाइलीच्या पहिल्या ओळीत जाते आणि इनिटडीबी ती स्वतःच्या आवृत्तीशी ताडून बघतं. ‘सेट’ या एका शब्दाने दिशा कळते: घ्यायचं नाही, द्यायचं आहे. आमच्या दोन स्क्रिप्टांत `--व्हर्जन`ला किंमत द्यावी लागते. ती दोन्ही आज `--सेट-स्कीमा…` नको, तो शब्द आपण काढलाय. `--सेट-रिलीज` केलं.

`--इन्क्लूड-पाथ`ही नीट समजून घेतला. स्क्रिप्टला ॲक्सेस फोल्डरातल्या ट्रान्सॅम हेडरमधून एक आकडा हवा असतो, ओआयडी (पोस्टग्रेस आतल्या गोष्टींना देतं ते क्रमांक) कुठून वाटायला सुरुवात करायची तो (१००००). फाइल कुठली ते स्क्रिप्टला माहीत आहे, आपण फक्त शोध कुठून सुरू करायचा ते सांगतो. म्हणून ‘पाथ’, ‘फाइल’ नाही. आमच्या `--पाथ`मध्ये कधी फाइल जाते, कधी फोल्डर, आणि आत इफ लावून आम्ही ओळखत बसतो.

मंगळवार, १४ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. होम मैदानाकडचे रस्ते बंद, अर्धं ऑफिस नंदीध्वज बघायला. तिळगूळ वाटला, काम नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

रेंजचे ऑप्शन. आमच्याकडे `--फ्रॉम` आणि `--टू` आहेत, टेबलांना क्रमांक देण्यासाठी. `--टू=२००` दिलं तर २०० क्रमांक धरायचा की १९९वर थांबायचं? कोड बघितला तर एका स्क्रिप्टमध्ये धरतो, दुसरीत नाही. पायथनच्या रेंजची (शेवटचा सोडते) सवय एकाला होती, एसक्यूएलच्या बिटवीनची (शेवटचा धरते) दुसऱ्याला.

पोस्टग्रेसच्या रीनंबर_ओआयडीजमध्ये याला सरळ उत्तर सापडलं. तिथले डेव्हलपर नवीन काम करताना ८००० ते ९९९९ मधले ओआयडी तात्पुरते वापरतात आणि नंतर ही स्क्रिप्ट त्यांना खालच्या मोकळ्या आकड्यांवर हलवते. ऑप्शन: `--फर्स्ट-मॅप्ड-ओआयडी`, `--लास्ट-मॅप्ड-ओआयडी`, `--टार्गेट-ओआयडी`. पहिला आणि शेवटचा म्हटलं की दोन्ही धरलेच, वाद नाही. पंगतीत ‘शेवटच्या पानापर्यंत वाढ’ म्हटल्यावर शेवटचं पान कुणी उपाशी ठेवत नाही. शिवाय काय हलवायचं आणि कुठे हलवायचं, हे दोन वेगळे शब्द आहेत.

आमचे झाले `--फर्स्ट-टेबल-आयडी` आणि `--लास्ट-टेबल-आयडी`. दोन्ही स्क्रिप्टांत शेवटचा धरायचा. चाचण्या लिहिल्या.

सोमवार, २० जानेवारी

नकाराचे ऑप्शन. यादीतलं सगळ्यांत वाईट नाव: `--डिसेबल-नो-ओव्हरराइट`. वहीत चौघांपैकी एकानेही अर्थ बरोबर सांगितला नाही. “नाही नको असं नाही” हे बोलताना कळतं, कारण समोरच्याचा चेहरा दिसतो. बॅच फाइलीत चेहरा नसतो.

ते असं झालं होतं: आधी ओव्हरराइट आपोआप व्हायचं, मग कुणीतरी `--नो-ओव्हरराइट` आणलं, मग तेच डीफॉल्ट केलं, मग ते बंद करायला तिसरं नाव. प्रत्येक पायरी त्या वेळी योग्य वाटली असणार. आता मूळ नाव होकारी, `--ओव्हरराइट`, आणि त्याचा नकार `--नो-ओव्हरराइट`. पायथन ३.९पासून आर्गपार्समध्ये (ऑप्शन वाचणारी पायथनची लायब्ररी) बूलियन-ऑप्शनल-ॲक्शन आहे, एका नावावरून ही जोडी आपोआप मिळते. पोस्टग्रेसच्या कीवर्ड यादी बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही `--केस-फोल्ड` आणि `--नो-केस-फोल्ड` अशीच सरळ जोडी आहे.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये एखादी गोष्ट बंद करायला `--स्किप-`, `--डिसेबल-` आणि `=०` असे तीनही मार्ग चालतात. लिहिणाऱ्याची सोय होते. पण शंभर बॅच फाइलींमध्ये ‘हे कुठे-कुठे बंद केलंय’ हे शोधायचं तर तीनदा शोधावं लागतं. आम्ही एकच ठेवतो.

तिथलंच आणखी एक: की-कॉलमची अट किंवा मर्यादा न देता अपडेट-डिलीट करू न देणारा ऑप्शन `--सेफ-अपडेट्स`, आणि त्याचंच दुसरं नाव ‘मी बावळट आहे’ अशा अर्थाचं. हे दुसरं नाव मला मनापासून आवडत नाही. जो सावध राहू इच्छितो त्याला आपण नाव ठेवतोय. चार तारखेला ज्या मुलाची फाइल गेली, त्याने असं नाव असलेला ऑप्शन चारचौघांत लावला असता का?

बुधवार, २२ जानेवारी

`--आउटपुट`चे दोन केले: `--आउटपुट-फाइल` आणि `--आउटपुट-डिर`. तासाभरात एक बॅच फाइल मोडली. तिच्यात कुणीतरी `--आउट` एवढंच लिहिलं होतं. आर्गपार्स अर्धं नावही स्वीकारतं, जोवर त्यावरून एकच पूर्ण नाव निघतं तोवर. पर्लचं गेटऑप्ट-लाँग आणि सीमधलं गेटऑप्ट_लाँगही तसंच वागतं. दुसरं नाव आलं आणि ‘संदिग्ध ऑप्शन’ म्हणून स्क्रिप्ट थांबली.

म्हणजे न छापलेली, न कबूल केलेली कितीतरी नावं आपण देऊन बसलेलो असतो. अलाऊ-ॲब्रेव्ह, म्हणजे अर्धी नावं चालवून घेणं, बंद केलं (पायथन ३.५पासून ही सोय आहे). सगळ्या बॅच फाइली शोधून पूर्ण नावं घातली. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं, नावं बदलायला घेण्याच्या आधी.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज अण्णांच्या कारखान्यात. नवीन टेबलं लावून चाचणीचा डेटा भरायचा होता. मागे माग चालू होते, बोललेलं ऐकू येईना, म्हणून गोदामात बसलो. मी लॅपटॉपवर जनरेटर चालवला. गोदाम सांभाळणारे काका मागे उभे होते. त्यांचं घर पूर्व भागातलं, बोली तेलुगू, आयुष्य सुतात गेलेलं. स्क्रीनवर लॉगची ओळ आली: `--काउंट=४०`.

काका पुढे वाकले. “चाळीस नंबर कुठून आणलाव ओ ताई? आपल्याकडं वीसच्या वरचा माल येतच नाही की.”

मला समजायला क्षणभर लागला. त्यांनी ‘काउंट’ सुताचा धरला होता. आणि त्यांचं बरोबर होतं. या इमारतीत ‘काउंट’चा दुसरा अर्थच नाही. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. काकांनी गोणीतून वीसचा एक धागा काढून माझ्या बोटावर गुंडाळला, “हे बघा, चादरीला हे लागतंय. चाळीस असलं नाजूक कशाला घेताव?”

आमच्याच डेटाबेसमध्ये सूत टेबलात ‘काउंट’ नावाचा कॉलम आहे. तरी प्रत्येक टेबलात किती ओळी भरायच्या यासाठी मी तेच नाव वापरलं. उद्या कुणी ‘फक्त ४० काउंटच्या सुताचा डेटा’ म्हणून ते लावलं असतं तर मुकाट्याने चाळीस ओळी तयार झाल्या असत्या, एररही आली नसती.

तिथेच बसून बदललं: `--टेस्ट-रेकॉर्ड्स-पर-टेबल`. लांब आहे. पण चाळीस एकूण की प्रत्येक टेबलात, हा प्रश्नही त्याने मिटतो, आणि तो आधी मला सुचलाच नव्हता.

परतताना आमचा नवा मुलगा म्हणाला, मग नावं मराठीतच ठेवूया ना ताई. विचार केला. पण रोमनमध्ये ‘ताणा’ कुणी एक ‘ए’ लावून लिहितं, कुणी दोन, आणि काकांना मराठी नाव इंग्रजीइतकंच परकं. ऑप्शन इंग्रजीच राहतील, हेल्प मराठीत. मराठी वाक्यात कर्ता-कर्म-क्रियापद लिहावं लागतं, नुसतं ‘क्लीन मोड चालू करतो’ लिहिलं तर ते पोकळ आहे हे लगेच कळतं.

मंगळवार, २८ जानेवारी

जुनी नावं एकदम काढायची नाहीत. तीन महिने चालतील, पण सूचना देतील: “हे नाव बदललं आहे, नवीन नाव अमुक.” काल सूचना टाकली, आज एका गिऱ्हाइकाच्या चाचणी डेटाबेसमध्ये सूत पुरवठादारांचं टेबलच तयार झालं नाही, आणि त्याला जोडलेली पुढची टेबलं एकामागून एक पडली.

कारण शोधायला दीड तास गेला. बॅच फाइल जनरेटरचं आउटपुट ‘>’ने फाइलीत वळवते. मी सूचना साध्या प्रिंटने दिली होती, म्हणजे ती स्टँडर्ड आउटपुटवर गेली आणि एसक्यूएल फाइलीची पहिली ओळ झाली. त्या ओळीला अर्धविराम नाही, म्हणून पीएसक्यूएलने माझं मराठी वाक्य आणि पहिलं क्रिएट टेबल मिळून एकच विधान धरलं, सिंटॅक्स एरर दिली, आणि पुढच्या विधानावर गेलं. ऑन_एरर_स्टॉप (चूक आली की थांब) लावलेलं नव्हतं.

सूचना आता स्टँडर्ड एररवर, म्हणजे सूचना-चुकांच्या वेगळ्या वाटेने. कोड बाहेर टाकणाऱ्या स्क्रिप्टमध्ये स्टँडर्ड आउटपुट कोडचंच, तिथे दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. बॅच फाइलींत ऑन_एरर_स्टॉपही घातलं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सरांनी विचारलं, एवढा त्रास घेऊन जुनी नावं बदलायचीच का, लोकांना सवय झाली आहे. मी पोस्टग्रेस १०चं (२०१७) उदाहरण दिलं. डेटाबेसच्या फोल्डरमध्ये पीजी_एक्सलॉग होतं. नावात ‘लॉग’ दिसल्यावर जागा भरली की काही जण जुने लॉग समजून ते पुसायचे, आणि त्यात तर डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे त्याचा जीव. तिथे त्यांनी पीजी_वॉल केलं, आणि सोबत पीजी_रिसेटएक्सलॉगचं पीजी_रिसेटवॉल, इनिटडीबीचं `--एक्सलॉगडिर` ते `--वॉलडिर`, सगळं एकाच आवृत्तीत. अर्धं जुनं, अर्धं नवं ठेवलं नाही. सरांनी तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांची मुदत सुचवली. मान्य केली, कारखान्यांतल्या बॅच फाइली आमच्या हातात नाहीत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

`--क्लीन` गेलं. जागी `--डिलीट-जनरेटेड`. प्रत्येक जनरेट झालेल्या फाइलीच्या डोक्यावर आता एक ओळ असते: कोणत्या स्क्रिप्टने बनवली, हाताने बदलू नका. (पोस्टग्रेसच्या तयार हेडरांवरही असा मजकूर असतो.) ऑप्शन फक्त ही ओळ असलेल्या फाइली पुसतो आणि पुसण्याआधी त्यांची नावं दाखवतो. म्हणजे नाव जे म्हणतं, तेवढंच कोड करतो. नुसतं नाव बदलून आतला कोड तसाच ठेवला असता तर फसवणूकच झाली असती.

वही घेऊन पुन्हा त्याच चौघांकडे. बहुतेक नावांना चौघांचं एकच उत्तर. अक्कांनी `--डिलीट-जनरेटेड` वाचून विचारलं, “आणि मी स्वतः लिहिलेलं राहील ना?” राहील म्हटलं.

मुलाने सूत तपासणारी फाइल परत लिहिली, वेगळ्या फोल्डरात ठेवली.

`--फोर्स` मात्र अडलं आहे. चौघांची उत्तरं: प्रश्न न विचारता चालवा, फाइली ओव्हरराइट करा, चुका आल्या तरी पुढे जा, बदल नसला तरी परत तयार करा. कोड बघितला, आमचा `--फोर्स` यातल्या तीन गोष्टी एकदम करतो. उद्या त्याचे तुकडे पाडायचे. दोन नावं सुचली आहेत, तिसऱ्यासाठी काकांना फोन करणार आहे.